बंदूक दुरुस्त करणारे हात
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खंडेनवमीला दहा-बारा दिवस असतील. कोयनेच्या खोऱ्यातल्या माझ्या एका मित्राचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा म्हणाले, "शायर, तुमच्यात शिकलगार हायत न्हवं? एखादा बंदुकीचा जाणता माणूस बघा. वडलांची रायफल पूजेला काढली, तर नळीत नुसता अंधार दिसतोय."

मला आधी हसू आलं. मी कविता लिहिणारा माणूस. माझ्या हातात कधी चाकूसुद्धा नीट बसला नाही. पण आबांनी विचारलं ते काही चुकीचं नव्हतं. माझे आजोबा शिकलगार होते. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात हे आडनाव मुसलमानांमध्ये पुष्कळ आढळतं. अरबी-फारसीत 'सैकल' म्हणजे झिलई, धातूला चकाकी आणणं. ते काम करणारा तो सैकलगर, आणि आपल्या तोंडी तो झाला शिकलगार. तलवारीला धार लावावी, जंबियाला पाणी द्यावं, म्यान शिवावी, पुढे बंदुका आल्या तेव्हा त्यांचे घोडे, चाप, कमानी नीट कराव्यात, हे त्यांचं काम. आज त्या आडनावाची माणसं शाळेत शिकवतात, एसटी चालवतात, वकिली करतात. आडनाव राहिलं, काम गेलं. ते कसं गेलं, हे आबांच्या रायफलीसाठी माणूस शोधताना मला समजत गेलं. तीच हकिकत आज सांगायची आहे.

बंदुकीचा इतिहास आपण वाचतो तो लढायांचा वाचतो. कोण जिंकलं, किती तोफा होत्या, कोणाचा नेम बसला. पण बंदूक ही एकदा घडवून संपणारी वस्तू नाही. ती प्रत्येक बाराबरोबर झिजते. दारूची राख नळीत बसते, दमट हवेत गंज धरतो, कमान सैल होते, लाकडी दस्ता तडकतो. घडवणारा एकदाच लागतो, दुरुस्त करणारा आयुष्यभर लागतो. म्हणून ज्या राज्याजवळ दुरुस्त करणारे हात होते, त्याच्याजवळ बंदुका होत्या. बाकीच्यांजवळ नुसतं लोखंड होतं.

हे अकबराला चांगलं समजलं होतं. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त बादशहाच्या बंदुकांवर एक प्रकरणच आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा गुंडाळून त्याच्या दोन कडा जोडून नळी करत. अशी नळी सांध्यावर फाटायची आणि शत्रूऐवजी बंदूकवालाच मरायचा. अकबराच्या कारखान्यात लोखंडाची पट्टी तिरकी पिळून, घडीवर घडी चढवून, हळूहळू तापवत नळी बनवू लागले. अबुल फजल सांगतो की आधी नळीत पाव भागापेक्षा जास्त दारू भरायची सोय नव्हती, आता तोंडापर्यंत भरली तरी ती फुटत नाही. नळ्या आतून साफ करण्यासाठी एक चाक होतं. ते बैल फिरवी, आणि एका वेळी सोळा नळ्या साफ होत.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या लोखंडाचं वजन, लोखंड कुठून आणलं ते ठिकाण, बंदूक घडवल्याची जागा, तारीख, क्रमांक आणि कारागिराचं नाव कोरलेलं असे. उस्ताद कबीर आणि हुसेन ही त्यांतली दोन नावं आज सव्वाचारशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहेत. अकबराची आवडती बंदूक 'संग्राम'. चितोडच्या वेढ्यात 1568 साली तिच्या गोळीने जयमल राठोड पडला, असं दरबारी इतिहास सांगतो. नेमाचं श्रेय बादशहाने घेतलं, पण नळीवर नाव कारागिराचं. नाव कोरण्यात नुसता मान नव्हता, जबाबदारीही होती. नळी फुटली तर कोणाला विचारायचं, ते नळीवरच लिहिलेलं असायचं.

पुढे दोनशे वर्षांनी असाच एक कारखाना बिहारात उभा राहिला. बंगालचा नवाब मीर कासीम याने कंपनीच्या धाकापासून दूर जायचं म्हणून आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली. त्याचा सेनापती गुर्गीन खान हा आर्मेनियन, मूळचा कापडाचा व्यापारी. त्याच्या देखरेखीखाली मुंगेरला तोफा आणि चकमकीच्या बंदुका तयार होऊ लागल्या. त्या कंपनीच्या विलायती बंदुकांपेक्षा सरस होत्या, असं त्या काळाची हकिकत लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. 1763 साली मुंगेर इंग्रजांनी घेतलं, पुढच्याच वर्षी बक्सारची लढाई झाली आणि मीर कासीमचं राज्य संपलं. पण मुंगेरचे कारागीर कुठे गेले नाहीत. ते तिथेच राहिले. त्यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

आपल्याकडे महादजी शिंद्यांनी हेच ओळखलं होतं. द बॉयनने त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्या पलटणींच्या मागे आग्र्याचा एक कारखाना होता, हे फारसं नसतं. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओतत असे आणि बंदुका तयार करून घेत असे. एका बंदुकीला दहा रुपये खर्च येई आणि काम विलायती तोडीचं, असं इंग्रजी इतिहासकार लिहितात. तो सँगस्टर एकटा काय करणार? लोखंड तापवणारे, घोटणारे, कानस चालवणारे हात इथलेच होते. 1803 साली असईला वेल्स्लीच्या फौजेची या तोफखान्याने जी दैना केली, ती त्या हातांचीच साक्ष आहे. त्यांची नावं मात्र कुणी कोरून ठेवली नाहीत.

मग आलं 1857. त्या वर्षी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून काय झालं, ते सर्वांना माहीत आहे. ती काडतुसं ज्या बंदुकीची होती, ती 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत पिळाचे चर असतात ती बंदूक. त्या चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून लांबवर सरळ जाते. साध्या सपाट नळीच्या बंदुकीला ते जमत नाही. बंड मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? हिंदी शिपायाच्या हाती जी बंदूक दिली, ती दिसायला एनफिल्डच, पण तिची नळी आतून सपाट. 1858 चा नमुना तो हाच. चर नाहीत, लांबचा नेम नाही. त्यानंतर 1866 पासून इंग्रजांनी आपल्या जुन्या एनफिल्ड नळीच्या मागचा थोडा भाग कापून, तिथे झडप बसवून, मागून काडतूस भरायची स्नायडर रायफल केली. हजारो जुन्या बंदुका अशा नव्या झाल्या. म्हणजे एकाच दहा वर्षांत, एकाच बंदुकीवर, कारागिराच्या कसबाचे दोन उपयोग झाले. गोऱ्या शिपायासाठी जुनी बंदूक नवी केली, आणि काळ्या शिपायासाठी नवी बंदूक जुनी केली. कसब तेच. कसब कोणाच्या हुकुमाने चालतं यावर सगळं ठरतं.

आणि 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची बंदी, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या माणसानेही या कायद्याला इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांमध्ये गणलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण माझ्या आजोबांच्या आजोबांवर त्याचा परिणाम काय झाला, हे कुणी लिहिलं नाही. गावातल्या बंदुका कमी झाल्या, तसं बंदुकीचं काम कमी झालं. तलवारी तर आधीच भिंतीवर गेल्या होत्या. शिकलगार मग विळ्या, कात्र्या, वस्तऱ्यांना धार लावू लागला.

हा धंदा थोडाफार तगला तो संस्थानांमध्ये. राजेमहाराजांना शिकारीचा शौक. आमच्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं चित्त्यांकडून शिकार करणं तर प्रसिद्धच आहे. संस्थानांच्या शिकारखान्यात बंदुका असत आणि बंदुका असल्या म्हणजे त्या सांभाळणारा उस्ताद असे. तिथेही कायद्याच्या गमती होत्या. 1907 च्या सुमारास सरकारने .450 बोअरवर बंदी घातली, कारण सरकारच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या, आणि ती काडतुसं बंडखोरांच्या हाती जातील ही भीती. लगेच विलायतेतल्या कंपन्यांनी .465, .470 असे नवे बोअर काढले. वाघाला काही फरक पडला नाही.

आबांची रायफलही अशाच एका गमतीतून जन्मलेली. .303 हे लष्कराचं माप, म्हणून ते सामान्य नागरिकाला बंद. मग .315 मापाची रायफल नागरिकांसाठी आली. यंत्रणा त्याच .303 च्या ली-एनफिल्डच्या धर्तीची, तसाच बोल्ट मागे ओढायचा. फक्त नळी आणि काडतूस वेगळं. काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं. कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात या रायफली तयार होत. आबांच्या वडलांनी साठीच्या दशकात एक घेतली. भात आणि नाचणी डुकरांपासून राखायची, असं कारण परवान्यावर होतं.

तेव्हा ते कारण खरंही होतं आणि पुरतं खरं नव्हतंही. हातात बंदूक आली की माणूस शिकारीला जायचाच. पण 1971 च्या अखेरीस संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि पाठोपाठ 1972 साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा आला. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, असंच मी म्हणेन. वाघ उरले ते त्यामुळेच. पण उस्तादाचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही एका वर्षात गेलं. 1959 च्या शस्त्र कायद्याने तर बंदूक विकायलाच नाही, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तेही योग्यच. मात्र ज्या उस्तादाला परवाना होता त्याचा मुलगा तो धंदा का करील? वर्षाला चार बंदुका येणार, आणि त्यासाठी दप्तर, तपासणी, नूतनीकरण, खेटे. माझ्या आजोबांनी असाच एक दिवस परवाना सोडून दिला. कचेरीत सही करून आले, आणि आल्यावर हत्यारांची पेटी अंगणात उघडून बसले. कानशी पुसून पुन्हा पेटीत ठेवल्या. ते काही बोलले नाहीत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन.

आता कुणी म्हणेल, गेला धंदा तर गेला. बंदूक दुरुस्त करणारा कमी झाला याचं दुःख कशाला? बंदुका कमी झालेल्याच बऱ्या. मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. माझं मत बदललं ते एका अपघाताने. आमच्या बाजूच्या गावात एका शेतकऱ्याकडे बापजाद्यांची ठासणीची बंदूक होती. डुकरं हाकलायला तो तिचा नुसता आवाज काढायचा. नळी सडली म्हणून त्याने ती जवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली. त्याने साध्या पाइपचा तुकडा मापाला कातून बसवून दिला. वरून काळा रंग. दिसायला झकास. तिसऱ्या की चौथ्या बाराला नळी मागच्या बाजूला फाटली. त्या माणसाच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो होतो. तो मला पुन्हापुन्हा एकच सांगत होता, "वरनं चांगली दिसत हुती हो." अबुल फजलने जे लिहून ठेवलं, ते आमच्या बाजूच्या गावाला चारशे वर्षांनी तीन बोटं देऊन शिकावं लागलं. जाणता माणूस गेला म्हणून बंदूक गेली नाही. बंदूक राहिली आणि अडाणी माणसाच्या हाती लागली.

म्हणून आबांसाठी मी मनापासून शोध घेतला. आमच्या नात्यातल्या चौघांना विचारलं. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं ते वारले. शेवटी कोल्हापुरातल्या एका बोळात एक चाचा सापडले. वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांचे वडील शिकारखान्यात कामाला होते. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. पुढच्या अर्ध्या भागात त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. मागच्या अर्ध्यात चाचा, एक शेगडा, आणि भिंतीवर परवान्याची चौकट.

आबांनी परवाना दाखवला, मग रायफल बाहेर काढली. चाचांनी तो परवाना चष्मा लावून पूर्ण वाचला, रायफलीवरचा नंबर ताडून पाहिला, आणि त्यानंतरच हात लावला. बोल्ट काढून नळी दाराकडे धरली, बराच वेळ आत पाहिलं. मला म्हणाले, "बघा." मी पाहिलं. चांगल्या नळीत उजेड पिळापिळाने फिरत आत जातो म्हणतात. इथे खडबडीत, काळी विहीर होती.

"कुटं ठेवली हुती?" चाचांनी विचारलं.

आबा म्हणाले, "निवडणूक आली की चौकीत जमा करायला लागती. मागच्या खेपेला आणायला मलाच उशीर झाला. पावसाळा गेला मधे."

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी, वाजलेली पुंगळी आहे का विचारलं. आबांनी दोन आणल्या होत्या. पुंगळीच्या तळाजवळ एक बारीक चमकती रेघ होती. चाचांनी तिच्यावर नख फिरवलं. म्हणाले, "ही रेघ बघा. बोल्ट आणि नळीच्या मधी जागा वाढलीया. काडतूस मागं सरकतंय, पितळ ताणतंय. आणखी धा-पाच बार काढले, तर हितनं तुटंल. मग आग मागं येईल, तोंडावर."

आबांचा चेहरा उतरला. "नळी बदलून मिळंल?"

"बदलता येती. पण नळी कारखान्याची पायजे, सरकारी परवानगीनं, आणि बसवल्यावर जादा दाबाचं काडतूस वाजवून तपासून तिच्यावर छाप पडला पायजे. माझ्या परवान्यात दुरुस्ती हाय. नळी करणं म्हंजे बंदूक करणं. कुणी लेथवर करून देतो म्हणंल. द्येऊ नका."

"आणि न्हाय बदलली तर?"

"तर तेल लावा, पूजा करा. काडतूस घालू नका."

त्यांनी रायफल आतून-बाहेरून साफ केली, बाहेरचा गंज उतरवला, दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. दोन तास गेले. दीडशे रुपये घेतले. आबा पाचशे देत होते. चाचा म्हणाले, "काम झालंच न्हाय पाटील, नुसतं सांगितलं. सांगायचे दीडशे."

परतीच्या एसटीत मला सारखं वाटत होतं, की खरा कारागीर ओळखायची खूण हीच. कानस कशी चालवतो ते नंतर. आधी 'नाही' म्हणता येतं का ते पाहावं. फॅब्रिकेशनवाल्याला नाही म्हणता आलं नाही, कारण कशाला नाही म्हणायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. चाचांचं सगळं शिक्षण, वडलांकडून आलेलं आणि साठ-सत्तर वर्षांत मुरलेलं, त्या एका नकारात होतं. कायद्याला हवं असतं तेच त्या नकारात होतं. लोकांचा जीव सुरक्षित राहावा, एवढंच कायद्यालाही हवं असतं.

आणि आता मुंगेर. तिथे आजही परवानाधारक लहान कारखाने एका आवारात आहेत. बारा बोअरच्या बंदुका बनवणारे. त्यांचं काम गेली अनेक वर्षं घटत गेलं आहे. दुसरीकडे वर्तमानपत्रात मुंगेरचं नाव येतं ते गावठी कट्ट्यांच्या बातमीत. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रं बनवण्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली, एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा उरली. गुन्ह्याला शिक्षा हवीच, त्यात दुमत नाही. पण मीर कासीमच्या काळापासून बोटांत उतरत आलेलं कसब शिक्षेने नाहीसं होत नाही. त्याला उजेडात काम नसेल, तर ते अंधारात काम शोधतं. अकबराने कारागिराचं नाव नळीवर कोरायला लावलं. कट्ट्यावर नाव नसतं. दोन्ही बंदुकांमधला खरा फरक मला तोच वाटतो.

लष्कराला, पोलिसांना त्यांचे आर्मरर असतात, त्यांना रीतसर शिकवलं जातं. पण खेड्यापाड्यांतल्या घरोघरच्या जुन्या बंदुका, देवघराशेजारी, माळ्यावर, परवान्यासकट किंवा परवाना विसरून पडलेल्या, त्यांना पाहणारा कोण? त्यातल्या बऱ्याचशा पुन्हा वाजवू नयेत, हे सांगायला तरी जाणता माणूस हवा. असे जे चार-दोन म्हातारे उरलेत, त्यांच्याजवळ एखाद्या तरुणाला दोन वर्षं बसवता येणार नाही का? नवीन बंदुका बनवायला नाही, जुन्या ओळखायला.

खंडेनवमीला आबांनी रायफल पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. काडतुसं आधीच पोलीस ठाण्यात जमा केली होती. मला फोटो पाठवला. रायफल चकाकत होती. मी तो फोटो कोल्हापूरला चाचांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवला. संध्याकाळी मुलाचा फोन आला. म्हणाला, "अब्बा विचारतायत, बोल्ट काढून ठेवलाय का?"

मी आबांना विचारलं. काढून ठेवला होता.